‘लवकरच येत आहे’ : तालुक्याच्या टॉकीजची आगामी भाषा

चित्रपटाविषयी मराठीत जे चांगले लिहिले गेले, ते बहुतेक पडद्यावर काय दिसले याविषयी लिहिले गेले. बापू वाटवे यांनी प्रभातनगरीची हकिगत सांगितली, इसाक मुजावर यांनी मराठी चित्रपटाच्या नोंदी आयुष्यभर केल्या, अरुण खोपकर यांनी गुरुदत्तच्या चित्रपटांकडे कसे पाहावे हे शिकवले. या सर्व लेखनात दिवे मालवलेले असतात आणि चित्रपट सुरू झालेला असतो. तो गावात येण्यापूर्वी त्याच्याविषयी गावात काय लिहिले आणि बोलले जात होते, इकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. टॉकीजच्या दर्शनी भिंतीवरचा ‘आगामी आकर्षण’ हा फलक, बाजाराच्या दिवशी वाटलेली पातळ रंगीत कागदाची हँडबिले, टांग्यावरून आणि पुढे रिक्षावरून भोंग्यातून झालेली पुकार, मध्यंतरात दाखवलेली काचेची स्लाइड, या चार गोष्टी मिळून एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार होतो, असे माझे म्हणणे आहे. त्याला नियम आहेत, शैली आहे, खोटेपणाच्या ठरलेल्या मर्यादा आहेत. आणि दोंडाईचा, शहादा, शिरपूर, अमळनेर यांसारख्या गावांपुरते बोलायचे तर गावाने चित्रपटाविषयी केलेले पहिले लेखन तेच आहे. ते वाचल्याशिवाय खानदेशातला प्रेक्षक समजणार नाही.

या प्रकाराचा मूळपुरुष शोधायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली, तेव्हा वृत्तपत्रातील जाहिरातीने त्यांना शतकातला चमत्कार म्हटले होते. ती जाहिरात इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी होती. आपल्या माणसासाठी जाहिरात लिहिण्याचा प्रश्न आला तो दादासाहेब फाळक्यांसमोर. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला आणि मुंबईत चालला. पुढे तो सुरतेस गेला तेव्हा पहिल्या खेळाला अवघे तीन रुपये जमले, अशी हकिगत फाळक्यांच्या चरित्रात येते. थिएटरवाल्याची तक्रार रास्त होती. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाने तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ का पाहावा? फाळक्यांनी दर उतरवला नाही, खेळही लांबवला नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे फक्त तीन आण्यांत, असा त्या जाहिरातीचा आशय होता. लोक आले.

ही हकिगत चित्रपटावरील पुष्कळ पुस्तकांत येते आणि फाळक्यांच्या हुशारीचे कौतुक करून संपते. त्यातले दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. ५७,००० चित्रांना १६ ने भागले तर सुमारे ३,५६० फूट होतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट नोंदलेली आहे, म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळजवळ खरा आहे. पण मैल ५,२८० फुटांचा. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही पुरता नाही. दोन मैल चित्र भरायचे तर एक लाख ६९ हजार छायाचित्रे हवीत. एकाच जाहिरातीत एक आकडा खरा आणि एक जवळपास तिप्पट फुगवलेला आहे, आणि दोन्ही शेजारी बसले आहेत.

माझ्या मते या प्रकाराचा पहिला नियम येथे तयार झाला. जो आकडा कोणी मोजू शकत नाही तो खरा द्यावा आणि जो डोळ्यांसमोर उभा राहतो तो फुगवावा. सुरतेचा प्रेक्षक कापडाच्या बाजारात वाढलेला. त्याला माल लांबीवर घेण्याची सवय. फाळक्यांनी चित्रपट वारावर विकला. त्यात कथेचे नाव आहे, पण कथा कशी आहे याविषयी एक अक्षर नाही. हरिश्चंद्राची कथा सर्वांना ठाऊक होती. कळायला हवे होते ते एवढेच, की पैशाच्या मोबदल्यात हातात किती पडणार. पुढच्या शंभर वर्षांत तालुक्याच्या टॉकीजने हीच रीत चालवली. सुरत-भुसावळ लोहमार्ग ज्या गावांतून जातो, त्यांपैकी दोंडाईचा एक. सुरतेचे कापड या मार्गाने आमच्याकडे आले, आणि त्या जाहिरातीची रीतही दुकानदारीच्या बोलीतून आली असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

आता या भाषेचे व्याकरण पाहू. तिच्यात क्रियापदे कमी असतात. ‘दररोज ३ खेळ’, ‘आठवडा २ रा’, ‘शेवटचे २ दिवस’. जे क्रियापद येते ते जवळजवळ एकच : ‘येत आहे’. मराठीत भविष्यासाठी ‘येईल’ आहे, ‘येणार’ आहे. फलकावर ते क्वचित दिसतात. ‘येईल’ म्हटले की शंका आली. ‘येणार’ म्हटले की वचन आले, आणि वचन मोडले तर लोक विचारणार. ‘येत आहे’ म्हटले की चित्रपट गाडीत बसला आहे, वाटेत आहे, उशीर झाला तर तो गाडीचा. त्याच्या आधी ‘लवकरच’ लावले की तारीख देण्याचीही गरज उरत नाही. प्रिंट हातात नसलेल्या मॅनेजरने शोधलेला हा काळ आहे. बाजारात याच गोष्टीची चौकशी अहिराणीत होते तेव्हा काळ बदलतो. ‘कोनता पिच्चर उना?’ असे विचारले जाते. फलक सांगतो, येत आहे. गाव विचारते, आला का? या दोन क्रियापदांमधले अंतर म्हणजे तालुक्याच्या गावाचा चित्रपट-इतिहास होय.

दुसरा शब्द ‘आग्रहास्तव’. ‘प्रेक्षकांच्या आग्रहास्तव पुन्हा’ किंवा ‘आग्रहास्तव आणखी एक आठवडा’. यात कोणी, कोणाला, कधी आग्रह केला हे सांगितलेले नसते. नवी प्रिंट वेळेवर आली नाही म्हणूनही जुना चित्रपट आणखी आठवडाभर ठेवावा लागे. पण फलक लिहिणाऱ्याने निर्णयाचा कर्ता प्रेक्षकाला केले. ही लबाडी आहे खरी. तरी पाहावे की, शासनाचा कागद असो की बँकेचा, गावातल्या माणसाला सांगणारा मजकूर त्याला नेहमी आज्ञा किंवा सूचना करतो. ‘तुमच्या आग्रहास्तव’ असे त्याला म्हणणारा मजकूर टॉकीजच्या भिंतीवरच भेटला.

तिसरा गट वर्गवारीच्या शब्दांचा. पौराणिक, पोशाखी, सामाजिक, मारधाड, आणि सर्वांत महत्त्वाचा ‘संपूर्ण कौटुंबिक’. समीक्षक ज्याला चित्रप्रकार म्हणतो त्याच्याशी या शब्दांचा संबंध थोडा आहे. ‘कौटुंबिक’ हा शब्द कथेविषयी बोलतच नाही. तो कोण येऊ शकते ते सांगतो. सासूने सुनेला पाठवायला हरकत नाही, वडिलांनी मुलीला घेऊन जायला हरकत नाही, असे ते प्रमाणपत्र आहे. सेन्सॉर मंडळाचे ‘यू’ प्रमाणपत्र मुंबईहून येते. गावाला पुरे पडते ते हे दुसरे. १९९१ च्या ‘माहेरची साडी’सारख्या चित्रपटाला ज्या बायका आल्या, त्यांच्यापर्यंत हा शब्द आधी पोहोचलेला होता. चित्रपट रडवतो की नाही हा पुढचा प्रश्न. आधी घराबाहेर पडण्याची परवानगी हवी, आणि ती परवानगी एका विशेषणाने मिळवून दिली. समीक्षेच्या शब्दाने एवढे काम केल्याचे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

हा सर्व शब्दव्यवहार ज्या जमिनीवर उभा होता ती जमीन म्हणजे वाट पाहणे. रिळांच्या काळात चित्रपटाच्या प्रिंट मोजक्या निघत. त्या आधी मोठ्या शहरांत लागत, तेथे मागणी ओसरली की जिल्ह्याच्या गावी आणि मग तालुक्याला. ध्वनिपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. तीन तासांचा चित्रपट म्हणजे १६,००० फुटांच्या वर, तीन मैलांहून अधिक. फाळक्यांची अतिशयोक्ती पुढे बोलपटांनी खरी करून दाखवली. हे तीन मैल पत्र्याच्या डब्यांत भरून रेल्वेने आणि एस. टी.ने फिरत. मध्य भारतातील वितरक-प्रदर्शकांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन भुसावळसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावी असावी, यात नवल नाही. चित्रपटाचा धंदा हा डबे वेळेवर पोहोचवण्याचाही धंदा होता.

या उशिराकडे आपण नेहमी वंचना म्हणून पाहतो. ती होतीच. पण तिच्यातून एक गोष्ट निघाली, तिची नोंद झालेली नाही. तालुक्याला चित्रपट पोहोचायचा तेव्हा त्याची कीर्ती किंवा अपकीर्ती आधी पोहोचलेली असायची. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. मुंबईतील सुरुवातीची परीक्षणे थंड होती आणि पहिल्या दिवसांत तो पडला असे बोलले गेले. नंतर त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या, त्या लाउडस्पीकरवर वाजू लागल्या. दूरच्या गावांनी ‘शोले’ आधी ऐकला आणि मग पाहिला. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला, म्हणजे लहान गावांत येऊन, जाऊन, पुन्हा ‘आग्रहास्तव’ येऊन गेल्यावरही मुंबईत त्याचा पहिला मुक्काम संपला नव्हता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आलेल्या ‘जय संतोषी माँ’चेही तसेच. शहरी समीक्षकाने दुर्लक्षिलेला तो चित्रपट गावोगावी बायकांनी उचलून धरला.

याचा अर्थ असा की, तालुक्याचा फलक लिहिणाऱ्याला शहरातल्या परीक्षकाहून अधिक माहिती असे. परीक्षक शुक्रवारी पाहून रविवारी लिहितो. फलक लिहिणाऱ्याजवळ धुळ्या-जळगावच्या गल्ल्याचा हिशेब होता, शेजारच्या गावच्या प्रेक्षकाचे मत होते आणि आपल्या गावच्या खिशाची खबर होती. दोंडाईचा मिरचीच्या बाजाराचे गाव. मिरची पथारीवर पडली, कापूस विकला गेला, की लोकांच्या हाती पैसा खेळतो. मजूर, हमाल, सातपुड्याकडून कामाला उतरलेली माणसे, शाळकरी मुले, व्यापाऱ्याचे कुटुंब, या प्रत्येकाला कोणता चित्रपट कोणत्या महिन्यात दाखवावा याचा निर्णय म्हणजेही समीक्षाच होती. ती लिहिली गेली नाही, लावली गेली.

येथपर्यंत वाचून वाटेल की, मी जुन्या टॉकीजची आरती ओवाळतो आहे. तसे नाही. या भाषेचे दोष मोठे होते. ‘७० एम. एम.’ अशी अक्षरे जेथे लागली तेथे पडदा ३५ मिलिमीटरचाच असे. पोस्टरवर असलेले दृश्य चित्रपटात नसे. ‘केवळ प्रौढांसाठी’ ही कायद्याने घातलेली अट फलकावर मोठ्या अक्षरांत आमिष होऊन येई. ‘कौटुंबिक’ म्हटले की उरलेले चित्रपट बायकांचे नाहीत, हेही ठरून जाई. जो शब्द दार उघडत होता तोच दहा दारे लावत होता.

पण सर्वांत मोठा दोष शांततेचा आहे. आमच्या भागात घरात आणि बाजारात अहिराणी बोलली जाते. फलकाची भाषा मात्र प्रमाण मराठी किंवा हिंदी. लोक चित्रपटाविषयी अहिराणीत बोलत, तिकिटासाठी अहिराणीत भांडत, पण ‘येत आहे’ हे शब्द त्यांच्या बोलीत भिंतीवर आले नाहीत. कारण जे येत होते ते त्यांच्या बोलीतले नव्हते. ‘आगामी’ हा शब्द नेहमी दुसरीकडून येणाऱ्या गोष्टीला लावला जातो. येथे तयार झालेले काही ‘आगामी’ असू शकते, असे त्या फलकाच्या व्याकरणात बसतच नव्हते.

ते व्याकरण मोडले आमच्या शेजारी, मालेगावात. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असले तरी धुळ्याहून तासाभराच्या वाटेवर आहे. तेथे शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात आणि कामगार चित्रपट पाहतात. देशभर चित्रपट शुक्रवारी लागतो, मालेगावात माणूसही शुक्रवारी मोकळा होतो. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी तेथील माणसे घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला आणि तो गावाने डोक्यावर घेतला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ झाला. यंत्रमागावर काम करणारा सडपातळ शफीक त्यात सुपरमॅन होता. कॅमेरा हलवायला सायकल आणि बैलगाडी वापरली गेली. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटाने ही हकिगत जगाला सांगितली आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हिंदीत आला.

मालेगावच्या चित्रपटांना विडंबन म्हणून बाजूला ठेवण्याची प्रथा आहे. मला ते दुसऱ्या अंगाने महत्त्वाचे वाटतात. पार्लर चालवणारा माणूस म्हणजे ‘आगामी’चा फलक लिहिणारा माणूस. कोणत्या वाक्यावर शिट्टी पडते, कोठे लोक उठून बाहेर जातात, हे त्याने हजार खेळांत पाहिलेले असते. ‘शोले’च्या प्रतीक्षेत ज्या गावाने संवाद पाठ केले, त्या गावाने ते आपल्या उच्चारात परत म्हटले. वाट पाहण्यातून जमलेले शहाणपण येथे निर्मितीला लागले. पण येथेही जुना दोष टिकला. प्रेक्षागृहात बायका नव्हत्या आणि पडद्यावरची नायिका गावाबाहेरून आणावी लागली. फलकाने लावलेले दार मालेगावलाही उघडता आले नाही.

आता रिळे गेली. २००५ नंतर उपग्रहाद्वारे चित्रपट थेट थिएटरच्या सर्व्हरवर उतरवण्याची व्यवस्था महाराष्ट्रात पसरली आणि पुढच्या दहाएक वर्षांत फिल्मचा डबा दिसेनासा झाला. जत्रेतल्या तंबू-टॉकीजचा हा बदल शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात फार बारकाईने आला आहे. तालुक्याला याचा लाभ झाला, हे नाकारता येणार नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ मोठ्या शहरांबरोबरच लहान गावांतही आला, आणि सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरसारख्या ठिकाणी मध्यरात्रीनंतर खेळ लावावे लागले. रिळांच्या काळात हे अशक्य होते. गावाला प्रथमच पहिल्या दिवशीचा प्रेक्षक होण्याचा मान मिळाला.

त्याची किंमत मात्र वेगळ्या खात्यावर पडली. चित्रपट सर्वत्र एका दिवशी येतो, तेव्हा त्याच्याविषयी गावाला आधी काही माहीत असू शकत नाही. जे माहीत असते ते मुंबईने तयार केलेल्या जाहिरातीतून. फ्लेक्स तयार येतो, त्यावर तारीखही छापलेली असते. ‘लवकरच’ची गरज संपली, ‘आग्रहास्तव’चीही संपली, कारण दुसऱ्या आठवड्यात दुसरा चित्रपट सर्व्हरवर उतरलेला असतो आणि पहिल्याची परवाना-किल्ली बंद झालेली असते. फलक लिहिणाऱ्याचे मत विचारणारे कोणी उरले नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य शासनाने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मुख्य वेळेचा खेळ द्यावा असे ठरवले, तेव्हा वृत्तपत्रांत आठवडाभर वाद चालला. त्या वादात मल्टिप्लेक्स होते, निर्माते होते, भाषेचा अभिमान होता. जेथे एकच पडदा आहे आणि तोच मुख्य आहे, त्या गावाचा विषय कोणी काढला नाही.

उलट दिशेने एक गोष्ट घडते आहे, ती मला आशेची वाटते. अहिराणी गाणी आणि विनोदी नाटिका आता मोबाईलवर लाखो लोक पाहतात. त्यांच्या खाली, पुढचा भाग कधी, अशी विचारणा अहिराणीत होते. म्हणजे जे भिंतीवर कधी आले नाही ते दुसऱ्या वाटेने आले. आपल्या बोलीत काहीतरी ‘येत आहे’ असे आता गावाला म्हणता येते. त्यात कच्चे पुष्कळ आहे, भडक पुष्कळ आहे. पण फाळक्यांची जाहिरातही शुद्ध साहित्य नव्हती.

शेवटी कामाचे बोलतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून चित्रपट, पोस्टरे, गाण्यांच्या पुस्तिका जपल्या. निर्मात्याने छापलेले कागद तेथे पोहोचू शकतात. तालुक्याच्या छापखान्यात पाचशे प्रतींत निघालेले हँडबिल तेथे पोहोचण्याची वाट नाही. ते पोहोचले असेल तर एखाद्या किराणा दुकानात पुडीला, नाहीतर कोणाच्या वहीला पुठ्ठा म्हणून. टॉकीजच्या इमारती पडत आहेत, त्यांच्याबरोबर कार्यालयातले खेळाचे रजिस्टर, स्लाइडच्या काचा आणि भिंतीवरचे रंग जात आहेत. प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयाने एक खोके ठेवावे आणि त्यात हे कागद तारीख टाकून जमा करावेत. जे पेंटर, ऑपरेटर आणि रिक्षातून पुकारणारे हयात आहेत, त्यांच्याकडून त्यांची वाक्ये त्यांच्या आवाजात उतरवून घ्यावीत. एका पेन्शनर मास्तराला आणि दोन महाविद्यालयीन मुलांना एका उन्हाळ्यात होण्यासारखे हे काम आहे.

हे कागद कशाला जपायचे, असे कोणी विचारील. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी आज पहिले आणि शेवटचे तेवढे उपलब्ध आहे, आणि तेही १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाचे असावे असे काही अभ्यासकांचे मत आहे. मधला चित्रपट गेला. सुरतेच्या जाहिरातीतले सत्तावन्न हजार आणि दोन मैल मात्र शिल्लक आहेत, आणि त्या दोन आकड्यांवरून १९१३ सालचा प्रेक्षक काय मोजून पैसे देत होता हे आपण सांगू शकतो. दोंडाईच्याचा प्रेक्षक काय मोजत होता हे सांगणारे कागद अजून कोणाच्या तरी माळ्यावर असतील.